आर्थिक साहाय्य फेरविचार अर्ज

आर्थिक साहाय्य फेरविचार अर्ज म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एखाद्या महाविद्यालयाने प्रवेशाबरोबर देऊ केलेले आर्थिक साहाय्य अपुरे ठरत असल्यास, ते वाढवून मिळावे यासाठी विद्यार्थ्याने किंवा त्याच्या कुटुंबाने त्या महाविद्यालयाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाकडे केलेली लेखी विनंती होय. व्यवहारात यास ‘अपील’ असेही म्हणतात. तथापि न्यायालयीन अपिलाप्रमाणे यात वरिष्ठ प्राधिकरण नसते. ज्या कार्यालयाने पहिला निर्णय घेतलेला असतो, तेच कार्यालय नव्या माहितीच्या आधारे त्याचा पुन्हा विचार करते.

हा अर्ज बहुधा अशा वेळी केला जातो, की विद्यार्थ्याला पसंतीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असतो, परंतु तेथील निव्वळ खर्च कुटुंबाला पेलणारा नसतो. साहाय्याची पहिली रक्कम सूत्रानुसार ठरते आणि ते सूत्र जुन्या कागदपत्रांवर चालते. कागदावरील परिस्थिती आणि घरातील प्रत्यक्ष परिस्थिती यांत पडलेले अंतर पुराव्यानिशी दाखवून देणे, हे या अर्जाचे मुख्य प्रयोजन आहे.

## पार्श्वभूमी

अमेरिकेतील महाविद्यालये जाहीर करीत असलेले शुल्क आणि विद्यार्थी प्रत्यक्षात भरत असलेले शुल्क यांत मोठी तफावत असते. खासगी महाविद्यालये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना देत असलेली सवलत सरासरीने जाहीर शुल्काच्या निम्म्याहून अधिक असते. त्यामुळे एकाच वर्गात शेजारी बसणारे दोन विद्यार्थी अगदी भिन्न रकमा भरत असल्याचे आढळते.

हे साहाय्य प्रामुख्याने पुढील प्रकारांनी मिळते :

- अनुदान : कुटुंबाची गरज पाहून दिलेली, परत न करावयाची रक्कम. केंद्र सरकारचे पेल अनुदान हे याचे प्रमुख उदाहरण असून २०२४-२५ या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती.
- गुणवत्ता-शिष्यवृत्ती : गुण, क्रीडा, कला इत्यादींतील प्रावीण्यासाठी दिलेली रक्कम. आयव्ही लीगमधील आठ विद्यापीठे अशी शिष्यवृत्ती देत नाहीत. तेथील साहाय्य केवळ गरजेवर आधारलेले असते.
- कर्ज : सव्याज परत करावयाची रक्कम. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी केंद्र सरकारकडून जास्तीत जास्त ५,५०० डॉलर थेट कर्ज मिळते.
- कमवा व शिका : महाविद्यालयाच्या परिसरात अर्धवेळ काम करून मिळणारे वेतन.

यांपैकी पहिले दोन प्रकारच कुटुंबाचा खर्च खऱ्या अर्थाने कमी करतात. फेरविचार अर्जाचा उद्देश प्रायः या दोहोंत वाढ मिळवणे हा असतो. कर्जाची रक्कम वाढवून मिळाल्याने खर्च केवळ पुढे ढकलला जातो.

## इतिहास

कुटुंबाची ऐपत एकाच मापाने मोजण्याचा संघटित प्रयत्न १९५४ मध्ये कॉलेज बोर्ड या संस्थेने स्थापन केलेल्या ‘कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस’पासून सुरू झाला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ८ नोव्हेंबर १९६५ रोजी स्वाक्षरी केलेल्या उच्च शिक्षण कायद्याने केंद्रीय साहाय्याचा पाया घातला. १९७२ च्या दुरुस्तीने मूलभूत शैक्षणिक संधी अनुदान अस्तित्वात आले. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या सन्मानार्थ १९८० मध्ये त्यास पेल अनुदान असे नाव देण्यात आले.

ईशान्य अमेरिकेतील काही नामांकित महाविद्यालयांचे प्रतिनिधी १९५० च्या दशकापासून दरवर्षी एकत्र बसून, एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याच्या रकमा जुळवून घेत असत. या समूहास ‘ओव्हरलॅप’ म्हणत. विद्यार्थ्याने रकमेकडे न पाहता महाविद्यालयाची निवड करावी, असा त्यामागचा हेतू सांगितला जाई. मात्र अशा रीतीने विद्यार्थ्याच्या हातचे तुलनेचे साधनच नाहीसे होते, या मुद्द्यावर अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९१ मध्ये स्पर्धाविरोधी कायद्याखाली खटला दाखल केला. आयव्ही लीगच्या विद्यापीठांनी तडजोड स्वीकारली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने (एमआयटी) मात्र खटला लढवला आणि १९९३ मध्ये तो प्रश्न समझोत्याने मिटला. १९९४ च्या कायद्यातील कलम ५६८ अन्वये, प्रवेश देताना कुटुंबाची ऐपत न पाहणाऱ्या महाविद्यालयांना ऐपत मोजण्याचे समान सूत्र ठरवण्याची मुभा मिळाली. विशिष्ट विद्यार्थ्यास किती रक्कम द्यावी याची आपसांत चर्चा करण्याची मुभा मात्र मिळाली नाही. या कलमाची मुदत ३० सप्टेंबर २०२२ रोजी संपली.

महाविद्यालये स्वतंत्रपणे साहाय्य ठरवू लागल्यावर त्यांच्या रकमांत फरक पडणे स्वाभाविक होते. एका महाविद्यालयाचे पत्र दुसऱ्याला दाखवून फेरविचाराची विनंती करणे यामुळे अर्थपूर्ण झाले. काही संस्थांनी तर अशी पत्रे उघडपणे मागवली. समकक्ष संस्थांच्या गरजाधारित साहाय्याशी आपले साहाय्य जुळवून देण्याचे धोरण स्वीकारणाऱ्यांमध्ये कॉर्नेल विद्यापीठाचा उल्लेख केला जातो.

## कायदेशीर आधार

उच्च शिक्षण कायद्याच्या कलम ४७९-अ नुसार महाविद्यालयाच्या आर्थिक साहाय्य अधिकाऱ्यास ‘व्यावसायिक निर्णयाधिकार’ असतो. प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करून आणि पुरेसे पुरावे घेऊन तो विद्यार्थ्याच्या अर्जातील उत्पन्नासारख्या नोंदी किंवा शिक्षणखर्चाचा अंदाज बदलू शकतो. ऐपत मोजण्याचे सूत्र मात्र त्याला बदलता येत नाही. ही परिस्थिती दोन वर्गांत मोडते.

विशेष परिस्थिती ही कुटुंबाच्या आर्थिक स्थितीशी संबंधित असते : नोकरी जाणे, उत्पन्नात घट, विम्याने न भरलेला औषधोपचाराचा खर्च, मुलांच्या किंवा अवलंबितांच्या संगोपनाचा खर्च, अपंगत्व, निवास गमावणे इत्यादी. असाधारण परिस्थिती ही विद्यार्थी आणि पालक यांच्या संबंधांविषयी असते : छळामुळे घर सोडावे लागणे, पालकांनी टाकून देणे, पालक तुरुंगात असणे इत्यादी. अशा वेळी विद्यार्थ्यास स्वतंत्र मानून पालकांचे उत्पन्न गणनेतून वगळता येते. पालक खर्च करण्यास तयार नाहीत, एवढेच कारण मात्र त्यासाठी पुरेसे मानले जात नाही.

डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या फॅफ्सा सुलभीकरण कायद्याने महाविद्यालयांवर दोन महत्त्वाची बंधने घातली. विद्यार्थ्यांना अशी विनंती करता येते ही माहिती महाविद्यालयाने जाहीरपणे दिली पाहिजे. तसेच सर्व विनंत्या सरसकट नाकारण्याचे धोरण त्यास ठेवता येत नाही. या अधिकाराखाली महाविद्यालयाने दिलेला निर्णय अंतिम असतो. त्याविरुद्ध केंद्रीय शिक्षण विभागाकडे दाद मागता येत नाही. एका महाविद्यालयाने मान्य केलेला बदल दुसऱ्यावर बंधनकारक नसतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो.

## फेरविचाराची कारणे

### जुने उत्पन्न

केंद्रीय साहाय्यासाठी भरावयाच्या अर्जास ‘फॅफ्सा’ म्हणतात. २०१७-१८ या वर्षापासून त्यात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न विचारात घेतले जाते. उदाहरणार्थ, २०२५-२६ या शैक्षणिक वर्षाच्या अर्जात २०२३ चे उत्पन्न येते. एखाद्या विद्यार्थिनीच्या वडिलांची नोकरी ऑक्टोबर २०२४ मध्ये गेली असेल, तर सूत्राच्या लेखी ते अद्याप पूर्ण पगारावर असतात. फेरविचाराच्या अर्जांमागील हे एक प्रमुख कारण आहे. वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीसारखे एकदाच झालेले उत्पन्न त्या विशिष्ट वर्षात आले असल्यासही असाच विपर्यास होतो.

### सूत्रातील बदल

२०२४-२५ पासून ‘कुटुंबाचे अपेक्षित योगदान’ या आकड्याच्या जागी ‘विद्यार्थी साहाय्य निर्देशांक’ आला. पूर्वी एकाच वेळी दोन भावंडे महाविद्यालयात असल्यास पालकांचे अपेक्षित योगदान त्यांच्यात विभागले जाई. नव्या केंद्रीय सूत्रात ही सवलत उरली नाही. त्यामुळे उत्पन्न तेच असूनही काही कुटुंबांची ऐपत कागदावर वाढली.

### महाविद्यालयाचे स्वतःचे सूत्र

अनेक खासगी महाविद्यालये फॅफ्साशिवाय कॉलेज बोर्डचा ‘सीएसएस प्रोफाइल’ हा सविस्तर अर्जही मागतात. त्यात राहत्या घराची किंमत आणि विभक्त पालकाचे उत्पन्न यांसारख्या बाबी येऊ शकतात. घराचे भाव वाढलेल्या शहरात जुन्या घरात राहणारे, परंतु हाती रोकड नसलेले कुटुंब येथे संपन्न ठरते. या बाबींचे मूल्यमापन प्रत्येक महाविद्यालय आपल्या पद्धतीने करीत असल्याने एकाच विद्यार्थ्याला आलेल्या दोन पत्रांत हजारो डॉलरचा फरक पडू शकतो.

### अमान्य होणारी कारणे

क्रेडिट कार्डाचे कर्ज, वाहनाचे हप्ते, घराची सजावट अथवा जीवनमानाशी निगडित अन्य खर्च ही कारणे सहसा मान्य होत नाहीत. कुटुंबाने स्वेच्छेने पत्करलेला खर्च आणि त्याच्यावर ओढवलेला खर्च यांत कार्यालये भेद करतात.

## साहाय्य-पत्रांची तुलना

अर्ज करण्यापूर्वी पत्रांतील आकड्यांचा अर्थ नीट लावणे आवश्यक असते. अनेक पत्रांत अनुदान, कर्ज आणि कामाचे वेतन यांची एकत्र बेरीज ‘एकूण साहाय्य’ म्हणून दिलेली असते. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ च्या अहवालात असा अंदाज वर्तवला, की सुमारे ९१ टक्के महाविद्यालये आपल्या पत्रात निव्वळ खर्च एकतर देत नाहीत किंवा तो प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात.

निव्वळ खर्च काढण्याची रीत सोपी आहे : शुल्क, निवास, भोजन, पुस्तके व प्रवास धरून होणाऱ्या एकूण खर्चातून केवळ अनुदान आणि शिष्यवृत्ती वजा करावयाची. पुढील उदाहरण काल्पनिक आहे (रकमा डॉलरमध्ये) :

| बाब | महाविद्यालय ‘क’ | महाविद्यालय ‘ख’ |
|---|---|---|
| वर्षाचा एकूण खर्च | ७८,००० | ६४,००० |
| अनुदान | ४०,००० | ३२,००० |
| कर्ज | ५,५०० | ५,५०० |
| कामाचे वेतन | २,५०० | ० |
| पत्रातील ‘एकूण साहाय्य’ | ४८,००० | ३७,५०० |
| निव्वळ खर्च | ३८,००० | ३२,००० |

‘क’चे साहाय्य १०,५०० डॉलरनी अधिक दिसत असले, तरी तेथे शिकणे वर्षाला ६,००० डॉलरनी महाग पडते. खर्च व साहाय्य स्थिर राहिले असे मानल्यास चार वर्षांत हा फरक २४,००० डॉलर होतो. विद्यार्थ्याची पसंती ‘क’ला असेल, तर त्याने मागावयाची रक्कम या तुलनेतून निश्चित होते.

## प्रक्रिया

अनेक महाविद्यालयांचा यासाठी ठरावीक नमुना असतो. नसल्यास पत्र लिहिले जाते. अर्ज प्रवेश कार्यालयाकडे नव्हे, तर आर्थिक साहाय्य कार्यालयाकडे करावयाचा असतो. गुणवत्ता-शिष्यवृत्तीचा निर्णय मात्र काही ठिकाणी प्रवेश कार्यालय घेते.

पत्र साधारणतः एका पानाचे असते. त्यात प्रवेश आणि मिळालेले साहाय्य यांबद्दल आभार, महाविद्यालयास पहिली पसंती असल्याचा खरा असेल तरच उल्लेख, परिस्थितीतील बदल तारखा व आकड्यांसह, आणि शेवटी कुटुंबाला भरता येण्याजोगी रक्कम व उरलेली तूट हे मुद्दे येतात. “साहाय्य वाढवावे” अशा मोघम विनंतीपेक्षा “कुटुंब वर्षाला ३२,००० डॉलर भरू शकते, ६,००० डॉलरची तूट राहते” हे विधान अधिक उपयुक्त ठरते, कारण अधिकाऱ्याला निर्णयासाठी निश्चित आकडा मिळतो.

सोबत नोकरी संपल्याचे पत्र, अलीकडील वेतनचिठ्ठ्या, रुग्णालयाची देयके, विमा कंपनीचे नकारपत्र यांसारखे पुरावे जोडले जातात. दुसऱ्या महाविद्यालयाचे पत्र आधार म्हणून द्यावयाचे असल्यास त्याची पूर्ण प्रत दिली जाते. असे पत्र समकक्ष महाविद्यालयाचे आणि त्याच प्रकारच्या साहाय्याचे असल्यास त्याला वजन प्राप्त होते. केवळ गरजाधारित साहाय्य देणाऱ्या विद्यापीठापुढे अन्य ठिकाणची गुणवत्ता-शिष्यवृत्ती दाखवून फारसा लाभ होत नाही.

शब्दयोजनेलाही महत्त्व असते. ‘घासाघीस’, ‘सौदा’ असा सूर कार्यालयांना रुचत नाही. त्याचप्रमाणे अजिजीचीही आवश्यकता नसते. परिस्थिती बदलल्याची नोंद घेण्यास सांगणे हा विद्यार्थ्याचा कायद्याने मान्य केलेला अधिकार आहे. सौजन्याने केलेल्या अशा विनंतीमुळे मिळालेला प्रवेश काढून घेतला जात नाही.

### मुदत

परंपरेने १ मे ही प्रवेश निश्चित करून अनामत रक्कम भरण्याची अंतिम तारीख आहे. पत्रे बहुधा मार्चअखेरीस येत असल्याने फेरविचारास जेमतेम चार आठवडे मिळतात. शिवाय महाविद्यालयाचा निधी मर्यादित असल्याने पत्र मिळताच अर्ज करणे हिताचे ठरते. निर्णय प्रलंबित असल्यास मुदतवाढ मागता येते. २०२४ मध्ये नवीन फॅफ्सा सुरू होण्यास विलंब झाल्याने अनेक महाविद्यालयांनी ही तारीख पुढे ढकलली होती.

‘अर्ली डिसिजन’ या पद्धतीने प्रवेश घेणारा विद्यार्थी निकालाआधीच त्या महाविद्यालयाशी बांधील असतो. त्याच्याजवळ तुलनेसाठी दुसरे पत्र नसते. मात्र साहाय्य खरोखरच अपुरे असल्यास त्याला या बंधनातून मुक्त होता येते.

## निर्णय व मर्यादा

अर्ज पूर्णतः किंवा अंशतः मान्य होऊ शकतो, अथवा नाकारला जाऊ शकतो. उत्पन्नाची नोंद बदलली, तरी साहाय्य वाढेलच असे नसते. निर्देशांक घटल्याने पेल अनुदान वाढू शकते. परंतु महाविद्यालयाकडे स्वतःचा निधी नसेल, तर उरलेली तूट तशीच राहते. भरपूर कायमनिधी असलेल्या संस्था, किंवा जागा रिकाम्या राहण्याची चिंता असलेल्या संस्था, तुलनेने लवचीक असतात.

वाढीव रक्कम एका वर्षापुरती आहे की चारही वर्षांसाठी, हे लेखी विचारून घेणे आवश्यक असते, कारण गरजाधारित साहाय्यासाठी दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. बाहेरील संस्थेची शिष्यवृत्ती मिळाल्यास काही महाविद्यालये तेवढेच स्वतःचे अनुदान कमी करतात. सार्वजनिक महाविद्यालयांत या प्रथेस कायद्याने आळा घालणारे मेरीलँड हे पहिले राज्य होय (२०१७).

## परदेशी विद्यार्थी

भारतातून जाणारे विद्यार्थी केंद्रीय साहाय्यास पात्र नसल्याने कलम ४७९-अ चा त्यांना उपयोग होत नाही. त्यांचा फेरविचार सर्वस्वी महाविद्यालयाच्या धोरणावर अवलंबून असतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲम्हर्स्ट यांसारख्या थोड्या संस्था परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश देतात. अन्य बहुतेक ठिकाणी साहाय्याची मागणी प्रवेशाच्या निर्णयातच विचारात घेतली जाते. अनेक महाविद्यालयांत प्रवेशअर्जासोबत साहाय्य मागितले नसेल, तर नंतर ते मागता येत नाही. व्हिसासाठी लागणारे ‘आय-२०’ हे पत्र देण्यापूर्वी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते, त्यामुळे फेरविचाराचा प्रश्न त्याआधीच सुटणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील ग्रामीण कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते. भारतात शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने विवरणपत्रावरून त्यांची परिस्थिती स्पष्ट होत नाही. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा उतारा आणि पीक-नुकसानीचा पंचनामा यांची इंग्रजी भाषांतरे जोडून, या कागदांचा अर्थ पत्रात थोडक्यात समजावून सांगणे उपयोगी पडते. एकत्र कुटुंबातील आजी-आजोबांच्या औषधोपचाराचा भारही स्वतंत्रपणे मांडावा लागतो, कारण अर्जातील चौकटी पालक व मुले एवढ्याच कुटुंबाची कल्पना करून आखलेल्या असतात.

## महाराष्ट्रातील पद्धतीशी तुलना

महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांसाठी वार्षिक ८ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. अर्जदार या रेषेच्या आत असतो किंवा बाहेर; कुटुंबाची अडचण पाहून ती रेषा हलवण्याचा अधिकार महाविद्यालयास नसतो. त्यामुळे येथील तक्रार नोंदीतील चुकीपुरती मर्यादित राहते. एकदा लागलेला आकडा अंतिम मानण्याची सवय असलेल्या मराठी कुटुंबांना, अमेरिकेत तोच आकडा पुन्हा तपासून मागता येतो, हे पुष्कळदा ठाऊक नसते.

## टीका

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप असा, की तिचा लाभ गरजवंतापेक्षा जाणकाराला अधिक होतो. शिकलेले पालक, अनुभवी शालेय समुपदेशक किंवा पैसे घेऊन सल्ला देणारे सल्लागार ज्यांच्या पाठीशी असतात, ते अर्ज करतात. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात जात आहे, ते पत्रातील आकडा शेवटचा समजून स्वस्त महाविद्यालय स्वीकारतात, कर्ज काढतात किंवा शिक्षण सोडून देतात. दुसरा आक्षेप अधिकाऱ्याच्या विवेकाधिकारावर घेतला जातो : सारख्याच परिस्थितीतील दोन कुटुंबांना दोन ठिकाणी भिन्न न्याय मिळतो आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नसते.

यावर समर्थकांचे म्हणणे असे, की कोणतेही सूत्र आजारपण, मृत्यू किंवा बंद पडलेला कारखाना आधीच ओळखू शकत नाही; म्हणून माणसाच्या निर्णयास वाव ठेवणे अपरिहार्य आहे. फेरविचाराच्या सोयीची माहिती जाहीर करण्याचे बंधन कायद्याने घातले गेले, ते पहिल्या आक्षेपावरील उपाय मानले जाते. तथापि ती माहिती शोधून, समजून घेऊन मुदतीत पत्र लिहिण्याचे काम अद्याप विद्यार्थ्याकडेच राहिले आहे.

## हेही पहा

- अमेरिकेतील उच्च शिक्षण
- आयव्ही लीग
- शैक्षणिक कर्ज
- शिष्यवृत्ती